पऱ्हे, रोवणी आणि जावास्क्रिप्ट

भाषा वाढते ती कोणाच्या हुकमाने, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांना नवा नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत आणि शासनाच्या पदनाम कोशापासून शुद्धलेखनाच्या नियमांपर्यंत आपण तो वेगवेगळ्या निमित्तांनी विचारीत आलो आहोत. याच प्रश्नाची एक उघडी तालीम गेली तीस वर्षे आपल्या विभागांच्या भिंतीपलीकडे चालू आहे, आणि साहित्याच्या माणसांनी तिच्याकडे जवळजवळ पाठच फिरवलेली आहे. ही तालीम जावास्क्रिप्ट या संगणकभाषेच्या वाढीची. नवे रूप भाषेत कसे आणावे आणि ते आणताना जुने कसे सांभाळावे, याची जी रीत या भाषेने ठेचा खात कमावली, ती मराठीच्या आणि विशेषतः आमच्या भागातील झाडीबोलीच्या प्रश्नाला उपयोगी पडणारी आहे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच.

यावरचा पहिला आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. संगणकाची भाषा ही भाषाच नव्हे. तिच्यात व्यंजना नाही, लक्षणा नाही, आई मुलाशी ती बोलत नाही. हे सारे खरे. परंतु तिला व्याकरण आहे, जगभर लिहिणारे लाखो लोक आहेत, त्यांच्या गटागटांच्या बोली आहेत, तीन दशकांचे जुने लेखन आहे, आणि त्या लेखनाचे काय करायचे यावर कडाक्याचे वाद आहेत. भाषानियोजन या विषयाला लागणारी सामग्री याहून निराळी नसते. शिवाय या भाषेत प्रत्येक वादाची आणि निर्णयाची तारीख सापडते. मराठीच्या बाबतीत ती अनेकदा शोधावी लागते.

थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या कंपनीत ब्रेन्डन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट, अशी तिची तीन बारशी झाली. १९९७ साली एक्मा या जिनिव्हास्थित संस्थेने तिचे पहिले प्रमाण व्याकरण प्रसिद्ध केले. दहा दिवसांच्या घाईत काही खोडी राहून गेल्या. उदाहरणार्थ, ‘काहीही नाही’ हे दाखवणाऱ्या ‘नल’ या मूल्याचा प्रकार विचारला, की ही भाषा ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे ‘वस्तू’ असे उत्तर देते. ही चूक आहे, हे सर्वांना मान्य आहे. ती दुरुस्त करण्याचा प्रस्तावही पुढे आला आणि नाकारला गेला. कारण त्या चुकीवर विसंबून लिहिलेली असंख्य जुनी पाने दुरुस्तीमुळे मोडली असती. आपल्या व्याकरणपरंपरेत याला नेमका शब्द आहे: आर्षप्रयोग. ऋषींनी केला म्हणून नियमाबाहेरचा प्रयोगही राहू द्यायचा. जावास्क्रिप्टमध्ये ऋषींच्या जागी आहे तो पंचवीस वर्षांपूर्वी एखादे पान लिहून विसरून गेलेला अनाम माणूस. त्याचे पान आजही उघडले पाहिजे, या एका अटीवर या भाषेची सारी नीती उभी आहे.

ही अट पाळून भाषा वाढवायची तरी कशी? येथे आम्हांला आमच्या बांधीतला दृष्टांत घ्यावासा वाटतो. गोंदिया हा धानाचा जिल्हा. धान दोन रीतींनी लावतात. बियाणे सरळ शेतात फेकून पेरण्याच्या रीतीला इकडे आवत्या म्हणतात. दुसरी रीत अशी, की बांधीच्या एका कोपऱ्यात आधी पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपे तयार करायची; तीन-चार आठवड्यांनी ती उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत त्यांची रोवणी करायची. पऱ्हे करपले तर नुकसान एका कोपऱ्याचे होते, पुन्हा टाकता येतात. आवत्या फसला तर सारे शेत जाते.

जावास्क्रिप्टने आधी आवत्या करून पाहिला. या भाषेच्या चौथ्या आवृत्तीत वर्ग, प्रकार, पॅकेजे अशा पुष्कळ गोष्टी एकदम आणण्याचा बेत होता. अनेक वर्षे त्यावर खल झाला, समितीत फूट पडली, आणि २००८ साली तो बेत सोडून द्यावा लागला. चौथी आवृत्ती कधी निघालीच नाही. २००९ च्या डिसेंबरात थेट पाचवी निघाली, तीही बेताच्या सुधारणांची. त्यानंतर हळूहळू जी रीत बसली ती पऱ्ह्यांची आहे. नव्या रूपाचा प्रस्ताव शून्य क्रमांकाच्या पायरीवर कोणीही समितीसदस्य मांडू शकतो. पहिल्या पायरीवर प्रश्न खरा आहे की नाही एवढेच पाहतात. दुसऱ्या पायरीवर उत्तराचा आराखडा ठरतो. तिसरीवर ते रूप प्रत्यक्ष ब्राउझरांत वापरून पाहण्यासाठी खुले होते. निदान दोन स्वतंत्र यंत्रणांत ते चालले आणि चाचण्यांना उतरले, म्हणजे चौथी पायरी. मग ते प्रमाण व्याकरणात जाते. २०२३ मध्ये दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये २.७ अशी एक अर्धीमुर्धी पायरीही घालण्यात आली, आणि तिचा तो विनोदी क्रमांक तसाच राहू दिला गेला. एखादे रूप दुसऱ्या पायरीवर वर्षानुवर्षे पडून राहते. पडून राहणे हा येथे अपमान मानला जात नाही.

या सरकारी वाटणाऱ्या पायऱ्यांच्या बाहेर खरे प्रयोग चालतात, आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्याला अधिक ओळखीचे वाटतील. २००९ च्या डिसेंबरातच जेरेमी ॲश्केनास यांनी कॉफीस्क्रिप्ट नावाची एक वेगळी बोली काढली. तिच्यात कंस कमी, अर्धविराम नाहीत, वाक्ये सुटसुटीत. तिच्यात लिहिलेले ब्राउझरला कळत नसे. म्हणून ते आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवून घ्यावे लागे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट आणली: प्रत्येक नावापुढे त्याचा प्रकार नोंदवायचा, तपासनीसाने विसंगती दाखवायची, आणि चालवण्याआधी या नोंदी पुसून टाकायच्या. त्याच वर्षी स्वीट-जेएस या उपक्रमाने लेखकाला स्वतःची वाक्यरचनाच भाषेत घालण्याची मुभा देऊन पाहिली. २०१४ मध्ये सेबॅस्टियन मॅकेन्झी यांनी आधी ‘सिक्स टू फाइव्ह’ आणि पुढे बेबेल या नावाने ओळखले गेलेले साधन तयार केले, जे भाषेची अजून मान्य न झालेली रूपेही जुन्या ब्राउझरांना समजतील अशा जुन्या भाषेत उतरवते. सार्थ ज्ञानेश्वरी आठवावी. ती जुन्या भाषेचा अर्थ नव्या वाचकाला सांगते. बेबेलचे काम याच्या नेमके उलट्या दिशेचे आहे: नव्या भाषेचा अर्थ जुन्या वाचकाला सांगणे. त्यामुळे नवे लिहिणाऱ्याला सगळे जग नवे होईपर्यंत थांबावे लागत नाही, आणि जुने वापरणाऱ्याला कोणी हाकलून देत नाही.

कॉफीस्क्रिप्टचे पुढे काय झाले? आज तिच्यात नवे काम फारसे कोणी सुरू करीत नाही. पण तिने रुळवलेली, बाण काढून लिहायची आटोपशीर क्रियारूपे २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत मूळ भाषेतच आली. वर्गांची सुबक रचना आणि एका झटक्यात अनेक नावांना मूल्ये वाटण्याची सोयही आली. बोली ओसरली आणि तिची रूपे प्रमाणभाषेत नांदू लागली. आपल्या लघुअनियतकालिकांची गोष्ट याहून किती वेगळी आहे? ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ ही नियतकालिके अल्पायुषी ठरली. त्यांच्यात आणि त्यांच्या आसपास लिहिणारे कोलटकर, चित्रे, नेमाडे आज एम.ए.च्या अभ्यासक्रमात आहेत. प्रयोगाचे यश तो टिकला की नाही यावर मोजण्याची सवय आपल्या समीक्षेला आहे. ती सवय सोडून, प्रयोगाने प्रमाणभाषेत आणि प्रमाण वाङ्मयात काय मागे ठेवले, ते मोजावे, असे आम्ही सुचवतो.

प्रयोग अंगाशी येतो तो केव्हा, हेही या इतिहासात स्पष्ट दिसते. ‘डेकोरेटर’ नावाच्या रूपाचा प्रस्ताव २०१४ च्या सुमारास पुढे आला. टाइपस्क्रिप्टने तो ‘प्रायोगिक’ अशी पाटी लावून लगेच घेतला, आणि अँग्युलर या लोकप्रिय चौकटीने आपली सारी मांडणी त्यावर उभारली. समितीने मात्र आराखडा पुन्हा पुन्हा बदलला. तिसरी पायरी गाठायला २०२२ उजाडले, आणि तोवर मूळ रूप आणि मान्य रूप यांच्यात अंतर पडले होते. पऱ्हे समजून ज्यांनी वापरले त्यांचे काही बिघडले नाही. रोवणी झाली असे समजून ज्यांनी घर बांधले त्यांना दोन्ही रूपे सांभाळीत बसावे लागले.

आणि एक प्रकरण तर प्रत्येक भाषासल्लागार समितीने वाचावे असे आहे. २००६-०७ च्या सुमारास मूटूल्स नावाचा एक संच लोकप्रिय होता. त्याने भाषेच्या सामाईक कोशातच आपले शब्द घालून ठेवण्याची रीत पाडली. त्यात याद्यांमधल्या याद्या उलगडून एकपदरी करणारा ‘फ्लॅटन’ हा एक शब्द होता. २०१८ मध्ये समितीने त्याच नावाचा शब्द अधिकृतपणे आणायचे ठरवले तेव्हा लक्षात आले, की असे केल्याने मूटूल्सवर चालणारी जुनी पाने मोडतात. मग नाव काय ठेवायचे? कोणीतरी थट्टेने ‘स्मूश’ सुचवले, म्हणजे चिरडून चपटे करणे. त्यावर काही काळ मोठा गदारोळ झाला. अखेर ‘फ्लॅट’ हे साधे नाव ठरले आणि २०१९ च्या आवृत्तीत गेले. जवळजवळ कोणी वापरीनासे झालेल्या एका संचासाठी प्रमाणभाषेने आपला आवडता शब्द सोडून दिला. दुर्बळाचे जुने लेखन मोडू नये म्हणून सबळाने वाट बदलावी, हे भाषाव्यवहारात किती वेळा घडते?

आता मराठीकडे वळू. महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले, लेखन सोपे झाले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु ती रीत आवत्याची होती. नियम एका दिवशी लागू झाला आणि त्याआधीचे सारे छापील मराठी एका अर्थाने ‘जुने’ झाले. माणूस यंत्राहून उदार असतो, त्यामुळे जुने पुस्तक मोडले नाही. विद्यार्थी अनुस्वारांना अडखळत का होईना, ते वाचतोच. येथे आमच्या तुलनेची मर्यादा आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पदनाम कोशाचे मात्र तसे झाले नाही. त्यातले काही शब्द रुळले, काहींची टिंगल झाली. सावरकरांच्या शब्दांचेही तेच: महापौर, दिग्दर्शक आज कोणाला घडवलेले शब्द वाटतही नाहीत, आणि त्यांच्या बरोबरीने सुचवलेले कित्येक शब्द कोशातच राहिले. कोणते रुजतील हे आधी कळत नाही. म्हणूनच तर पऱ्हे टाकायचे असतात.

हा प्रश्न आता केवळ दृष्टांतापुरता उरलेला नाही. ‘पऱ्हे’ हाच शब्द घ्यावा. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्याच्या प्रत्येक बातमीपत्रात तो असतो. यातला अर्धा र, म्हणजे ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो तो, संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त चिन्ह येते. दुसरीत साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. ‘पऱ्हे’ आणि ‘पर्‍हे’ हे दोन्ही लेखनप्रकार येथे शेजारी ठेवले आहेत. डोळ्यांना ते एकच दिसावेत. जावास्क्रिप्टला मात्र पहिला शब्द पाच खुणांचा आणि दुसरा सहा खुणांचा दिसतो, आणि हे दोन शब्द सारखे आहेत काय असे साधेपणाने विचारले, तर उत्तर ‘नाही’ असे येते. लेखनातील असे फरक मिटवण्याची ‘नॉर्मलाइज’ ही सोय २०१५ मध्ये भाषेत आली, पण या जोडीला ती लागू पडत नाही. कारण युनिकोडच्या लेखी ही दोन लेखने समतुल्य नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याने धानशेतीच्या शब्दांचा कोश संगणकावर केला आणि दोन जणांनी दोन कळफलकांवर नोंदी टंकित केल्या, तर साध्या तुलनेवर बांधलेल्या त्याच्या शोधात अर्ध्या नोंदी सापडणारच नाहीत.

त्या न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा इतिहास तर एखाद्या पाठचिकित्सकाने लिहावा असा आहे. या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीच्या व्याकरणानुसार असली चिन्हे कार्यक्रम वाचण्याआधीच गाळून टाकायची होती. म्हणजे दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या आपल्या शब्दातला चंद्रकोरी र जाऊन तेथे रफार यावा, असाच त्या नियमाचा अर्थ होत होता. २००९ च्या पाचव्या आवृत्तीने हा नियम बदलला. काही भाषांत शब्दांचा भेद याच चिन्हांवर अवलंबून असतो, हे ओळखून ती राहू द्यावीत, नावांच्या आतही चालू द्यावीत, असे ठरले. त्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने देवनागरी लिपी आणि वर्णमालेसंबंधीचा निर्णय काढला आणि ॲ, ऑ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली. एकाच लिपीच्या भवितव्याविषयी दोन निर्णय एका महिन्याच्या अंतराने, दोन खंडांत झाले. त्यांतला एक आम्ही वर्गात शिकवतो. दुसऱ्याचे नावही आमच्या विद्यार्थ्यांच्या कानावर पडत नाही, आणि त्यांचे रोजचे मराठी लेखन मात्र त्या दुसऱ्यावरही तितकेच अवलंबून असते.

असाच प्रकार अक्षरगणनेचा. ‘गोंदिया’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट सात सांगते. वर्ण, मात्रा, अनुस्वार असे सारे सुटे मोजून. छंदशास्त्र शिकलेला विद्यार्थी तीन सांगेल, आणि त्याचेच बरोबर आहे. देवद्वार छंदाची सहा-सहा-सहा-चार ही अक्षरसंख्या या भाषेच्या साध्या मोजणीने कधीच जुळणार नाही. यावर उपाय म्हणून ‘सेगमेंटर’ नावाची सोय आली. मोठ्या ब्राउझरांपैकी क्रोममध्ये ती २०२० साली आली, फायरफॉक्समध्ये २०२४ साली. तीही सुरुवातीला ‘क्ष’ चे दोन तुकडे करी. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर एकच धरावे, हा नियम युनिकोडने २०२३ मध्ये केला, तेव्हा कोठे यंत्राच्या गणतीने ‘क्षत्रिय’ तीन अक्षरांचा झाला. वर्ण म्हणजे काय आणि अक्षर म्हणजे काय, हा भेद आपण पहिल्या वर्षाला एका तासात शिकवतो. जगाच्या संगणकांना तो शिकवायला एवढी वर्षे लागली.

आणखी एक उदाहरण देऊन हा भाग संपवतो. मराठी रीतीने आकडा छापून दे म्हटले, तर ही भाषा देवनागरी अंकांत, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह तो छापते. पण त्याच भाषेला ‘१२’ हे देवनागरी अक्षरांत देऊन संख्या समजून घे म्हटले, तर ती ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. आपले अंक तिला लिहिता येतात, वाचता येत नाहीत. ज्या ऑनलाइन अर्जात शेतकरी आपल्या धानाचे क्विंटल मराठीत भरतो, तेथे कोणी मुद्दाम सोय केलेली नसेल, तर त्याचा आकडा शून्याहून वाईट ठरतो.

या सगळ्यावर दोन टोकांची मते आम्हांला ऐकू येतात. एक मत असे, की ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोपर्यंत’ असे शब्द घेऊन एक मराठी संगणकभाषाच करावी. वर सांगितलेल्या साधनांनी हे करणे फारसे अवघडही नाही. बेबेलसारखा उतरवणारा लिहिला, की ‘जर’ चे इंग्रजी रूप आपोआप होईल. विद्यार्थ्यांनी हे जरूर करून पाहावे, त्यातून वाक्यरचना म्हणजे काय ते फार चांगले कळते. परंतु आज मूळ जावास्क्रिप्टमध्येच ‘पऱ्हे’, ‘बांधी’, ‘रोवणी’ ही नावे देवनागरीत देता येतात, आणि ती मुभा क्वचितच कोणी वापरतो. तीसपस्तीस राखीव शब्द भाषांतरित केल्याने मराठी मोठी होईल, असे आम्हांला वाटत नाही. लेखक ज्या गोष्टींना नावे देतो ती नावे कोणाच्या भाषेत आहेत, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

दुसरे मत याच्या उलट: ही सारी परक्या कंपन्यांची कामे, आपण कशाला पडावे? या मतात तथ्य आहे. ही भाषा ठरवणाऱ्या समितीत गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला अशांचे प्रतिनिधी बसतात. तिला लोकसभा म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्या बैठकांची टिपणे सर्वांना वाचता येतात. कोणी काय सुचवले, कोणी विरोध केला, कशासाठी केला, हे वर्षांनंतरही सापडते. आमच्या भाषेच्या एखाद्या नियमामागे कोणते पर्याय विचारात घेतले आणि कोणते का सोडले, असे विद्यार्थ्याने विचारले, तर त्याच्या हाती काय देता येते? शासन निर्णयाची प्रत. वादाची प्रत देता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे झाडीबोलीशी येऊन थांबते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा बोलींनी गजबजलेला आहे: झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, आणि बाजारातली हिंदी. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश आणि व्याकरणविचार सिद्ध केला, झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली; हे पऱ्हे चांगले तरारले. रोवणी मात्र झालेली नाही. प्रमाण मराठीच्या उत्तरपत्रिकेत बोलीतले रूप आले, की त्याला दोनच गती आहेत: लाल शाईची रेघ, किंवा परीक्षकाची दयाबुद्धी. ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ लिहिणारा विद्यार्थी आणि निष्काळजीपणाने ऱ्हस्वदीर्घ चुकवणारा विद्यार्थी एकाच रांगेत उभे राहतात. पहिल्याच्या बोलीत ण चा उच्चार नाही, त्याचे लेखन त्याच्या उच्चाराशी प्रामाणिक आहे. दुसऱ्याचे कशाशीच नाही. या दोहोंना एकाच शाईने मापणे हा भाषेच्या शिक्षकाचा धर्म नव्हे.

यावर तिसरी गती निर्माण करता येईल. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने एक उघडी वही ठेवावी. बोलीतला शब्द किंवा रूप विद्यार्थ्याने आणले, की ते पहिल्या पायरीवर नोंदवावे: कोणत्या गावी, कोणत्या कामात, कोणत्या वाक्यात ते आले. प्रमाण मराठीत त्यासाठी शब्द आहे काय? असल्यास दोहोंत अर्थाचा फरक आहे काय? एखाद्या जुन्या शब्दाशी त्याची टक्कर होते काय? एवढे झाले की दुसरी पायरी. मग ते विभागाच्या लेखनात, भित्तिपत्रकात, निबंधात खुशाल वापरू द्यावे आणि ‘प्रायोगिक’ अशी खूण करावी. दोन निराळ्या महाविद्यालयांत ते आपसूक रुळले, तर तिसरी. मराठीच्या अभ्यासमंडळाकडे न्यायचे ते त्यानंतर, आणि नेताना सोबत सगळी नोंद न्यायची, विरोधी मतांसह. ‘बांधी’, ‘बोडी’, ‘पऱ्हे’, ‘आवत्या’ यांना प्रमाण मराठीत तंतोतंत प्रतिशब्द नाहीत. पहिला हंगाम त्यांच्यापासून सुरू करता येईल. काही रूपे दुसऱ्या पायरीवर वर्षानुवर्षे राहतील. राहोत बापडी.

हे काम मराठी विभागाने एकट्याने करण्याचे कारण नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे कला शाखेचा विद्यार्थी संगणकाचा आणि विज्ञानाचा विद्यार्थी भाषेचा विषय घेऊ लागला आहे. वही कागदाची असो वा संगणकावरची, ‘पऱ्हे’ च्या दोन लेखनांपैकी कोणतेही टंकले तरी नोंद सापडली पाहिजे, एवढे साधे काम संगणक विभागाच्या विद्यार्थ्याला देऊन पाहावे. त्याला अर्धा र म्हणजे काय ते विचारायला आपल्याकडे यावे लागेल, आणि तो आल्यावर त्याला नीट उत्तर देता यावे म्हणून आपल्यालाही थोडे त्याच्या वर्गात जाऊन बसावे लागेल.

आमच्या सूचनेला विरोध होईल, हे आम्ही गृहीत धरले आहे. बोलीची रूपे पायऱ्यांवर बसवणे हाच बोलीचा अपमान आहे, असे कोणी म्हणेल. प्रमाणभाषेची शिस्त सैल होईल, असे दुसरा म्हणेल. दोन्ही मते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत आणि मगच पहिला शब्द नोंदवावा.